पावसाळ्यातील दुखणी : घरचा उपाय कोठवर, दवाखाना केव्हा ?

खरीप हंगाम हा वर्षातील सर्वांत धावपळीचा काळ. पेरणी, लावणी, निंदणी, खतांची मात्रा, फवारणी ही सर्व कामे एकापाठोपाठ एक येतात आणि वाफसा साधला नाही तर पुढचे गणित बिघडते. अशा वेळी अंगात कणकण असली तरी माणूस शेतावर जातो. "दोन दिवस काढू, मग बघू" असे म्हणत दुखणे अंगावर काढले जाते. बहुतेक वेळा ते आपोआप बरेही होते. पण काही दुखणी अशी आहेत की त्यांत दोन दिवसच काय, दोन तासांचा उशीरही जिवावर बेततो. त्याउलट साध्या सर्दी-तापासाठी तालुक्याला धाव घेऊन सलाइनच्या बाटलीवर पैसा खर्च करणारेही आहेत. म्हणून कोणत्या दुखण्यात घरी थांबावे आणि कोणत्यात तात्काळ रुग्णालय गाठावे, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावयास हवे.

पिकाच्या बाबतीत आपण हाच विचार करतो. कपाशीवर एक पतंग दिसला म्हणून कोणी लगेच फवारा मारत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-दहा पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजून उपाय केला जातो. शरीरालाही अशी पातळी असते. ती ओळखण्याच्या खुणा पुढे दिल्या आहेत.

ताप

पावसाळ्यातील ताप म्हणजे एकच रोग नव्हे. साधा विषाणूजन्य ताप, हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस हे सर्व सुरुवातीला सारखेच दिसतात : अंग दुखते, डोके ठणकते, ताप चढतो. फरक पुढे पडतो.

हिवताप व डेंग्यू डासांमुळे होतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घराभोवती साठलेल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे रांजण, टाकी, टायर, नारळाच्या करवंट्या यांत वाढतो.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, घुशी व काही वेळा जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येतात. भातखाचरात चिखलणी किंवा लावणी करताना पायाला भेगा वा जखमा असल्यास ते शरीरात शिरतात. कोकणात हा रोग दरवर्षी आढळतो आणि २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईतही त्याचे अनेक रुग्ण आढळले होते. या तापात पोटऱ्या व कंबर फार दुखते आणि डोळे लाल होतात. पुढे डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, खोकल्यातून रक्त पडणे अशी लक्षणे दिसली तर मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसावर परिणाम झाला असे समजावे.

स्क्रब टायफस हा गवत-झुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म चिगर माइटच्या चाव्याने होतो. २०१८ साली नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत त्याची लागण झाली होती. चावलेल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही आणि काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली असल्याने लक्षात येत नाही. म्हणून गवत कापणी वा बांध साफ केल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आल्यास अंगावर अशी खपली शोधावी व डॉक्टरांना दाखवावी. ती सर्वच रुग्णांत असते असे नाही. लेप्टोस्पायरोसिस व स्क्रब टायफस हे दोन्ही रोग वेळीच ओळखले तर साध्या प्रतिजैविकाने बरे होतात. उशीर झाला तर मात्र अतिदक्षता विभागाची वेळ येते.

घरी काय करावे : विश्रांती घ्यावी. पाणी, पेज, ताक, लिंबू सरबत भरपूर प्यावे. कोमट पाण्याने अंग पुसावे. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही वय व वजनाप्रमाणे घ्यावे. डिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ताप डेंग्यूचा असेल तर त्यांमुळे रक्तस्राव वाढतो. "एक सुई मारा" असा आग्रहही डॉक्टरांकडे धरू नये.

रक्त केव्हा तपासावे : पावसाळ्यात एक-दोन दिवसांत ताप उतरला नाही, किंवा थंडी वाजून ताप आला, तर आशा कार्यकर्ती किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करून घ्यावी. लावणीला किंवा गवत कापणीला गेलो होतो, हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते.

तात्काळ रुग्णालय केव्हा : धाप लागणे, बरळणे किंवा गुंगी येणे, झटके येणे, मान ताठ होणे, डोळे पिवळे होणे, लघवी अगदी कमी होणे, हिरड्या-नाकातून वा शौचातून रक्त जाणे, पोटात सतत दुखणे, सारख्या उलट्या होणे. डेंग्यूबाबत एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. यात धोक्याचा काळ ताप उतरल्यावर सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि त्याच वेळी रोग्याचे पोट दुखू लागते, हातपाय गार पडतात, तो मलूल होतो. अशा वेळी शेतावर परत न जाता रुग्णालयात जावे. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि मधुमेही यांच्या तापाबाबत वाट पाहू नये.

जुलाब व उलट्या

पहिल्या पावसाबरोबर विहिरी-ओढ्यांना गढूळ पाणी येते आणि गावोगाव जुलाबाची साथ सुरू होते. जुलाबात माणूस दगावतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. ते भरून काढण्याचा उपाय स्वस्त आणि प्रत्येक घरात होण्याजोगा आहे.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी रोग्यांना तोंडाने पाजण्याचा मार्ग धरला. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात साखर शोषली जाताना आपल्याबरोबर मीठ व पाणीही आत ओढून घेते, हे त्यामागचे शास्त्र. जुलाब चालू असतानाही ही क्रिया सुरूच असते.

घरी काय करावे : पहिल्या पातळ जुलाबापासूनच ओआरएस म्हणजे जलसंजीवनी द्यावी. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावे. अर्धे पाकीट, अर्धा लिटर असे अंदाजाने करू नये. बाजारात २०० मि.ली. पाण्यासाठी लहान पाकिटेही मिळतात, म्हणून पाकिटावरील मजकूर वाचावा. पाकीट नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाल्यास अपाय होतो. तयार पाणी २४ तासांत संपवावे, उरल्यास टाकून द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा पाजावे. मुलाचे अंगावरचे दूध व खाणे बंद करू नये. लहान मुलांना ओआरएसबरोबर १४ दिवस झिंकच्या गोळ्या देतात. त्या आशा कार्यकर्तीकडे मिळतात. जुलाब "बांधणाऱ्या" गोळ्या मुलांना देऊ नयेत.

तात्काळ रुग्णालय केव्हा : भाताच्या पेजेसारखे पांढरट व मोठ्या प्रमाणात जुलाब होणे, सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, जीभ कोरडी पडणे, पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडल्यास हळूहळू मागे जाणे, शौचात रक्त पडणे, पाजलेले सर्व उलटून पडणे, मूल सुस्त होणे किंवा पिऊ न शकणे. अशा रोग्यास नेतानाही वाटेत घोट-घोट पाणी पाजत राहावे. गावात एकाच आठवड्यात जुलाबाचे बरेच रोगी दिसल्यास ग्रामपंचायत व आरोग्य केंद्रास कळवून विहिरीत टीसीएल पावडर टाकून घ्यावी.

सर्पदंश

देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. त्यांत खेड्यातील शेतकरी व शेतमजूर सर्वाधिक आणि निम्मे मृत्यू पावसाळ्यातील होते.

आपल्याकडे माणसाला धोका असलेले मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होऊन खाली येतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, गिळता व बोलता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. चावलेला भाग सुजतो, हिरड्यांतून व लघवीतून रक्त येते. घोणसच्या विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

मण्यारबाबत अधिक सावध राहावे. हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चाव्याची खूण दिसत नाही, सूज नसते, वेदनाही फारशी नसते. माणूस पहाटे पोटात दुखते, घसा धरला म्हणत उठतो आणि घरचे त्याला ओवा-सोडा देतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असा त्रास झाला व पापण्या जड दिसल्या तर मण्यारचा संशय धरून रुग्णालयात न्यावे. अशा रोग्याचे सर्व स्नायू लुळे पडतात. तो डोळेही उघडू शकत नाही, त्यामुळे तो गेला असे वाटते. परंतु त्याला कृत्रिम श्वास दिला तर तो बरा होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय आशा सोडू नये.

काय करावे : रोग्यास धीर द्यावा. चावलेला हात वा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे काठीचा आधार देऊन, सैल बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, जोडवी, बांगड्या, पैंजण सूज येण्यापूर्वी काढावेत. रोग्याला चालू देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास वेळ लागत असल्यास मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून जवळच्या आरोग्य केंद्रात वा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. निघतानाच फोन करून सर्पविषप्रतिबंधक लस आहे का हे विचारावे.

काय करू नये : दोरी वा कासरा आवळून बांधू नये. त्याने रक्तपुरवठा तुटून अवयव सडतो आणि बंध सोडताच साठलेले विष एकदम अंगात पसरते. जखमेवर ब्लेडने कापू नये, तोंडाने चोखू नये, बर्फ, चुना वा पाला लावू नये. कोंबडी लावणे, मंत्र घालणे यांत वेळ घालवू नये. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. असे रोगी काहीही केले तरी बरे होतात. मांत्रिकाचे यश ते एवढेच. साप मारण्यासाठी वा पकडण्यासाठी थांबू नये. आपल्याकडील लस या चारही सापांच्या विषावर मिळून चालते. साप ओळखला गेला नाही म्हणून उपचार अडत नाही.

रुग्णालयात काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटांत ते गोठते का हे पाहिले जाते. सूज वा लक्षणे नसली तरी २४ तास रोग्यास देखरेखीखाली ठेवले जाते. "काही झाले नाही" म्हणून मध्येच उठवून आणू नये. लस वजनावर ठरत नसून शरीरात गेलेल्या विषावर ठरते, म्हणून लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते. हे ठाऊक नसल्याने काही पालक हरकत घेतात.

विंचूदंश

काळा विंचू दिसायला भीतिदायक असतो, पण अधिक घातक असतो तो लहान आकाराचा लाल विंचू. त्याच्या विषाने रक्तदाब एकदम वाढतो, पुढे हृदय थकते व फुप्फुसात पाणी भरते. कोकणात पूर्वी यामुळे अनेक लहान मुले दगावत. महाड येथे काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या रोग्यांना देऊन मृत्यूचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर खाली आणले. या कार्याबद्दल त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

नुसती जागेवर आग होत असेल तर बर्फाचा शेक व डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक पुरेसे होते. परंतु अंगभर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, खोकला वा धाप यांपैकी काहीही दिसल्यास तात्काळ रुग्णालय गाठावे. वेदना कमी आणि घाम जास्त, ही चांगली खूण नव्हे. लहान मुलाला विंचू चावल्यास लक्षणांची वाट न पाहता न्यावे.

फवारणीतील विषबाधा

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली व वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली होती. फवारा अंगावर, तोंडावर येत होता. कीटकनाशक केवळ पोटात गेले तरच बाधते हा समज चुकीचा आहे. ते ओल्या कपड्यांतून, कातडीतून व श्वासातूनही शरीरात जाते.

प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरिफॉस अशा ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील औषधांची बाधा झाल्यास तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, डोळ्यांतून पाणी वाहते, पोटात कळा येऊन जुलाब-उलट्या होतात, स्नायू फडफडतात, छाती भरते आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. सुरुवातीचे डोके दुखणे व मळमळणे पाहून "ऊन लागले" असे समजून माणूस झाडाखाली पडून राहतो आणि तेथेच घात होतो. फवारणी करणाऱ्याला त्या दिवशी कोणताही त्रास झाला तर तो विषबाधेचा आहे असे धरूनच चालावे.

काय करावे : फवारणी थांबवून रोग्यास मोकळ्या हवेत आणावे. सर्व कपडे काढून अंग, केस व नखे साबणाने भरपूर पाण्यात धुवावीत. धुणाऱ्याने हातमोजे वा प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात. डोळ्यांत औषध गेल्यास १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी. बेशुद्ध रोग्यास कुशीवर झोपवून न्यावे. औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घ्यावे. कोणते औषध होते हे कळल्यास डॉक्टरांचे काम सोपे होते.

काय करू नये : मिठाचे पाणी पाजून वा घशात बोटे घालून उलटी काढू नये. औषधातील द्रावक फुप्फुसात जाऊन दुसरेच संकट उभे राहते. दूध, तूप, तेल देऊ नये.

रुग्णालयात ॲट्रोपिन हे मुख्य औषध छातीतील स्राव सुकेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागते. पहिल्या दिवशी बरे वाटले तरी एक ते चार दिवसांत मान उचलता न येणे, श्वास मंदावणे असा दुसरा झटका येऊ शकतो. म्हणून डॉक्टर सोडेपर्यंत घरी येऊ नये. औषध चुकून पोटात गेले असो वा कोणी रागाच्या भरात घेतले असो, ते लपवू नये. उपचार दोघांनाही सारखाच लागतो.

खर्च, नोंद आणि पूर्वतयारी

सर्पदंश, विंचूदंश व फवारणीतील विषबाधा यांत मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मदत मिळते. मृत्यूसाठी ही रक्कम २ लाख रुपये आहे. त्यासाठी रुग्णालयातील नोंद व कागदपत्रे लागतात. मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेल्या वेळेची नोंद कोठेही होत नाही. अर्जासंबंधी माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळते.

हंगाम सुरू होण्यापूर्वी पुढील तयारी करावी :

१) जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पविषप्रतिबंधक लस असते याची चौकशी करावी. त्या रुग्णालयाचा फोन नंबर व १०८ हा क्रमांक घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

२) घरात ओआरएसची चार पाकिटे, पॅरासिटामॉल, साबण व स्वच्छ पट्टी ठेवावी.

३) विळा-कोयत्याची खोल जखम झाल्यास वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताची लस घ्यावी. जखमेत माती वा शेण भरू नये.

४) रात्री बॅटरी व पायात बूट असल्याशिवाय पाणी देण्यास जाऊ नये. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. कडबा, सरपण व विटांचे ढीग घरापासून दूर रचावेत.

५) फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, वाऱ्याच्या दिशेने, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा व मुखवटा वापरून करावी. डब्यावर लाल त्रिकोण असलेली औषधे अत्यंत विषारी असतात. त्याच गुणाचे पिवळ्या, निळ्या वा हिरव्या त्रिकोणाचे औषध मिळत असेल तर ते घ्यावे.

६) लावणीपूर्वी पायाच्या जखमा झाकाव्यात, शक्य तेथे गमबूट वापरावेत. लेप्टोस्पायरोसिसचा प्रादुर्भाव असलेल्या भागात आरोग्य खात्याकडून प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात. त्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने घ्याव्यात.

शेतात सालगडी वा मजूर लावलेले असतील तर त्यांच्या आरोग्याची जबाबदारीही मालकावर येते. फवारणीला गेलेल्या मजुराने डोके दुखते म्हटले तर उरलेले दोन पंप पूर्ण करण्याचा आग्रह धरू नये. एका दिवसाची फवारणी चुकली तर पिकाचे होणारे नुकसान पुढच्या हंगामात भरून काढता येते. घरातील कर्ता माणूस गेला तर त्या घराची शेती कित्येक वर्षे उभी राहत नाही.